रतनची पिल्लं

आमचं घर धुळ्याहून येताना सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर होतं. मातीच्या भिंती, वर पत्रे, पुढे लिंबाखाली मोठं अंगण आणि मागे लगेच शेत. दिवसभर रोडवरच्या ट्रकांची घरघर चालायची आणि वारा गावाकडून असला की तिच्यात तांबटांच्या हातोड्यांची ठणठण मिसळायची. पण आमच्या घरातली वेळ ठरायची ती मायच्या भाकरीवर. तिनं परातीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला घेतली की पहिल्या थापेलाच अंगणातली कुत्री उठून बसायची. एकही चुलीपाशी यायचं नाही. दाराबाहेर ओळीनं बसून कान तेवढे आत लावलेले असायचे. आमच्या भाकरी झाल्या की माय उरलेल्या पिठाचे जाड रोट टाकायची, ते निवले की मी ताकात कुस्करून एकेकाच्या दगडी कुंडीत घालायचे. "सुमी, पोटुशीले आधी," हे मायचं रोजचं वाक्य. गाभण कुत्री असली तर तिची कुंडी पहिली, आणि तिच्या ताकात मूठभर शेंगदाण्याचा कूट. आम्हा माणसांच्या ताटात मात्र ठेचा आणि उडदाची डाळ, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

माझ्या वडिलांना आम्हीच काय, सगळं गाव नाना म्हणायचं. शेती चारचौघांसारखीच, बाजरी, भुईमूग, थोडा कापूस. पण साक्रीपासून शिरपूरपर्यंतचे मेंढपाळ त्यांना ओळखायचे ते कुत्र्यांमुळे. उंच, सडसडीत, लांब तोंडाची, मेंढरांमागे कोसकोस चालणारी आणि लांडग्याला पाठ न दाखवणारी ही कुत्री. पहिली कुत्री आजोबांना एका मेंढपाळानंच दिली होती. पिकं निघाली की मेंढपाळ आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि जाताना एखादं पिल्लू मागायचे. नाना पिल्लू विकत नसत. कुणी घोंगडी द्यायचं, कुणी बकरीचं करडू, आणि कुणी नुसताच चहा पिऊन जायचं. पण मिळायचं मात्र सगळ्यांना नाही. कुत्री दोन वर्षांची झाल्याशिवाय तिला नराजवळ जाऊ द्यायचं नाही. एकदा व्याली की पुढचं वर्ष तिचं स्वतःचं. सख्खं रक्त जोडायचं नाही. दोन महिने पिल्लानं आईजवळ आणि मेंढरांच्या वासात राहायचं, मगच त्यानं घर सोडायचं. जो माणूस कुत्र्याला दोरीनं बांधून मारतो त्याला पिल्लू नाही, मग तो सोयरा का असेना. आणि कुणाला कुत्रं सांभाळणं जमलं नाही तर ते कधीही आमच्या अंगणात परत आणून सोडायचं, कारण विचारलं जाणार नाही. भित्रं निघालेलं किंवा करडांवर दात चालवणारं कुत्रं आमच्याच घरी मरेपर्यंत भाकरी खायचं, पण त्याचा वंश तिथेच थांबायचा.

दगाभाऊ मेंढपाळाची बायको सकूअक्का नानांना हसायची. "नाना, इतली चौकशी तं लोके पोरना लगीनमा बी करतस नही." तोंडात तंबाखू, डोक्यावर घट्ट पदर आणि चालणं असं की बरोबरीनं मला पळावं लागायचं. दरवर्षी महिनाभर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, आमच्या शेतात असायचा. मेंढीचं दाट दूध ती मला वाटीत द्यायची आणि म्हणायची, "पी, तुनी मायनी चहापेक्षा बरं शे."

रतन माझा होता. तो चार दिवसांचा असताना त्याची आई साप चावून मेली. बाकीची पिल्लं गेली, हे एक उरलं. मी बकरीच्या दुधात चिंधी भिजवून ते वाढवलं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तो वाढत गेला तसा इतका देखणा झाला की रोडवरचे ट्रकवाले थांबून बघायचे. राखाडी अंग, छातीवर पांढरा पट्टा, आणि उभा राहिला की त्याचं डोकं माझ्या कमरेला लागायचं. दोन वर्षांचा होत आला तेव्हा एका संध्याकाळी दगाभाऊच्या मेंढरांवर दोन लांडगे आले. रतननं एकाला नाल्यापर्यंत पिटाळलं आणि दुसऱ्याच्या तोंडातून कोकरू सोडवून आणलं. त्याचा कान फाटला. सकूअक्कानं हळद भरून तो बांधला आणि त्याच दिवसापासून आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांवर एकच बोलणं सुरू झालं, रतनचं पिल्लू पाहिजे. नानांनीही होकारानं मान हलवली. हरणी नावाची आमची दुसऱ्या रक्ताची कुत्री होती, शांत आणि पायानं काटक. नाना मला म्हणाले, "रतनले तू वाढाडं. पिल्लास्ना नावे बी तूच ठेवशी." मला त्या दिवशी जमिनीवर पाय ठेवावासा वाटेना.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, भर उन्हाची वेळ. मी शेतात भाकरी घेऊन चालले होते आणि रतन पुढे. विहिरीजवळ तो थबकला, एकदम कुठेतरी शून्यात बघायला लागला आणि आडवा पडला. पाय ताठ झाले, मग चारही पाय हवेत पळाल्यासारखे हलायला लागले. तोंडाला फेस आला. त्याला पाणी पाजावं की हलवावं, मला काही कळेना. माणसाला फेफरं आलं की चप्पल हुंगवतात हे पाहिलं होतं, म्हणून मी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो शांत झाला, धडपडत उठला, दोन-तीनदा माझ्याभोवती फिरला आणि अनोळखी असल्यासारखा माझ्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळानं त्यानं माझा हात चाटला. मी त्याचं तोंड परकराच्या टोकानं पुसलं आणि स्वतःला सांगितलं, ऊन लागलं असेल.

आज मी सत्तरीच्या जवळ आले आहे. आयुष्यात छोटं-मोठं खोटं मीही बोलले असेन, पण त्यानंतर नानांना सांगितलेल्या चार शब्दांइतकं कुठलंच मला अजून टोचत नाही. नानांची रीत होती, कुत्रं जोडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारायचे. मायला विचारलं, शेजारच्या म्हाताऱ्या आबांना विचारलं, मग मला. ओट्यावर बसून ते दोर वळत होते. "तू रोज भाकर घालस त्याले. काही देखं का तू? काही बी?" मी म्हणाले, "नही नाना, काहीच नही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

हरणीला पाच पिल्लं झाली. मी त्यांना नावं ठेवली, सोन्या, राणी, भुरी, शेरू आणि काळ्या. ती पोटात होती तेव्हाच रतनला मी आणखी एकदा पडलेलं पाहिलं, गोठ्याच्या मागे, पुन्हा दुपारीच. आता ऊन म्हणायलाही जागा नव्हती, थंडीचे दिवस होते. तरीही मी गप्प राहिले. वाटलं, आता झालं ते झालं, सांगून काय होणार? नानांचं तोंड उतरेल तेवढंच. दोन महिने झाले आणि पिल्लं गेली. सोन्या दगाभाऊंच्या वाड्यावर, राणी पार एदलाबादकडे, ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात, तिथल्या एका केळीवाल्याकडे, भुरी आणि शेरू शिंदखेड्याकडच्या दोन वाड्यांवर आणि काळ्या रोडवरच्या एका ढाब्यावर. ढाब्यावर द्यायला नाना तयार नव्हते, पण तो माणूस मायच्या माहेरचा निघाला.

पुढच्या दीड वर्षात काहीच झालं नाही. मी जवळजवळ विसरून गेले होते. मग एका सकाळी मी भांडी घासत होते आणि दगाभाऊ रोडवरून एकटेच धावत येताना दिसले. त्यांच्या डोक्याला पागोटं नव्हतं. नाना पुढे झाले.

"नाना, सोन्या रोडवर पडना. मेंढरे पार करी ऱ्हायनूत, आनि तो मधमाच पडना, पाय झाडाले लागना. सकू त्याले ओढाले धावनी. ट्रकनी बिरेक मारं, पण तिले लागनंच."

"कोठे लागनं?"

"मांडीनं हाडूक मोडनं. ट्रकवालानीच धुयाना दवाखानामा नेलं तिले." दगाभाऊ लिंबाखाली खाली बसले. सोन्या त्यांच्या मागून आला होता, ठणठणीत, शेपूट हलवत, आपल्यामुळे काय झालं हे त्याला माहीत नव्हतं. "नाना, तुम्हना भरवसावर लिधं व्हतं मी हाई कुत्रं. त्याले मिरगी शे."

 नानांनी रतनकडे पाहिलं, मग सोन्याकडे, आणि मग वळून थेट माझ्याकडे. माझ्या हातातला तांब्या तसाच होता. मला वाटतं, त्यांना माझं तोंड पाहूनच समजलं असावं.

"सुमी, कवय देखं तू?"

"हरणीले पिल्ले व्हवाना आधी," मी म्हणाले. मला रडू आलं नाही, त्याचंच नंतर आश्चर्य वाटलं. "दोनदा देखं नाना. एकदा जोडाना आधी, एकदा मंग."

मायनं चुलीजवळून "अगं माय माय" म्हणून तोंडावर पदर घेतला. नानांनी हात उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "मी कुत्रास्न्या दहा पिढ्या याद ठेवात. घरनी पोर काय लपाडस ते माले समजनं नही." मग आत गेले, सदरा चढवला आणि दगाभाऊंना घेऊन धुळ्याची एस.टी. धरली. मलाही बरोबर घेतलं.

दवाखान्यात सकूअक्का भिंतीकडच्या खाटेवर होती. पायाला वजन बांधून लोंबत ठेवलेलं. एवढी चालणारी बाई आडवी पडली होती. नाना खाटेपासून लांब उभे राहिले आणि मला पुढे ढकललं. "तू सांगशी. मी उभा ऱ्हासू." मी सांगितलं. विहीर, चप्पल, नानांचं विचारणं, माझं उत्तर, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.  दगाभाऊ मात्र बोलले, आणि जे बोलले ते त्यांच्या जागी मीही बोलले असते. त्यातलं एकच सांगते. ते म्हणाले, कुत्रं पडलं हे मी देवाचं समजलो असतो, पण हे माणसाचं निघालं.

दुसऱ्या दिवसापासून नाना आणि मी पिल्लांच्या मागे निघालो. प्रत्येक ठिकाणी जाऊन सांगायचं, या कुत्र्याच्या बापाला फेफरं येतं, यालाही येऊ शकतं, येणारही नाही कदाचित, पण याची पिल्लं होऊ देऊ नका. सांभाळायचं नसेल तर आम्ही घरी नेतो. शिंदखेड्याकडचे दोन्ही मेंढपाळ समजूतदार निघाले. एकानं भुरी ठेवली, दुसऱ्यानं शेरूला आमच्या हाती दिलं. ढाब्यावर मात्र उशीर झाला होता. काळ्या आजूबाजूच्या दोन-तीन कुत्र्यांना लागला होता आणि त्यांना झालेली पिल्लं येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी उचलून नेली होती, कुणी इंदूरला, कुणी नाशिकला. ती कुठे गेली, कुणाजवळ, कुठल्या रोडवर पडली की नाही पडली, हे मला कधीच कळलं नाही. अजूनही हायवेवरून जाताना राखाडी कुत्रं दिसलं की मी खिडकीतून मागे वळून बघते.

शेवटी एदलाबाद. जळगाव, भुसावळ अशा गाड्या बदलत आम्ही गेलो. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी खिडकीतून दिसायला लागली तेव्हा नाना त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले, "भूक लागनी का?" मायनं बांधून दिलेली भाकरी आम्ही एका फडक्यावर खाल्ली. केळीवाले गोविंदभाऊ बागेतच भेटले. राणी त्यांच्या पायाशी होती, चकचकीत, भरलेल्या अंगाची. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि हसून मान हलवली.

"माह्या कुत्रीले आजलोक काही झालं नाही. तिनं आल्यापासून बागेत डुक्कर शिरलं नाही. पिल्लं मी चार जणांले कबूल करून बसलो, आता त्यायले काय सांगू?"

नाना म्हणाले, "माझं नाव सांगा. नानानं खराब रक्त दिलं म्हणून सांगा."

"तुमचं नाव कसं घेऊ? तुमच्या नावावर तं कुत्री आणली."

 नानांसारख्या माणसाला आपलंच नाव खराब करा म्हणून विनवावं लागत होतं, आणि ते माझ्यामुळे. मग मीच बोलायला लागले. मी सकूअक्काबद्दल सांगितलं. ती कशी चालायची, मला वाटीत दूध कसं द्यायची, आणि आता खाटेवर कशी पडून आहे. "हे मी लपवलं म्हणून झालं. तुमच्या राणीच्या पिल्लामागे उद्या कोण धावेल ते आपल्याला माहीत नाही," मी म्हणाले. गोविंदभाऊंची बायको केळीचे घड मोजायचं सोडून बांधावर येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "पोर इतक्या लांबून आली ते सोताचीच चूक सांगाले. तिचं ऐका." गोविंदभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "त्या चौघांले नाही म्हणून सांगतो. जेवून जा." जेवणात भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं. नाना त्या घरी दोन भाकरी जेवले. आठवडाभरात ते प्रथमच पोटभर जेवत होते.

पुढे वंश वाढू नये म्हणून धुळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रतनची शस्त्रक्रिया केली, मग सोन्याची आणि शेरूची. ते म्हणाले, रक्तातून येतं असं खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, पण तुम्ही करताय ते बरोबर. फेफऱ्याच्या माणसांना देतात त्याच गोळ्या त्यांनी कमी करून लिहून दिल्या. सोन्या आमच्याकडेच राहिला. दगाभाऊंना त्याच्याकडे बघवत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबून त्याला भरवणं माझं काम झालं. रतनचं कधी कौतुक ऐकलं की मला उठून आत जावंसं वाटायचं. लोक नानांकडे पिल्लू मागायचे थांबले नाहीत, उलट खरं सांगणारा माणूस म्हणून जरा वाढलेच. पण दोन वर्षं त्यांनी कुठलीच कुत्री जोडली नाही. म्हणायचे, आधी मला शिकू द्या.

हल्ली आमच्या कॉलनीतली मुलं मोबाइलवर मला पिल्लांचे फोटो दाखवतात. डोळे नुकते उघडलेली, आईवेगळी, टोपलीत ठेवलेली. मी म्हणते, बाळांनो, आईला जाऊन बघून या आधी. बापाला बघा. त्यांना ज्यानं भाकरी घातली त्याला विचारा, आणि तो काय लपवतो ते बघा. ती हसतात. मी काही त्यांना रागावत नाही. त्या वयात मीही देखण्या कुत्र्याला भुललेच होते.

अपघाताच्या त्या वर्षी दगाभाऊंचा वाडा आमच्या शेतात आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी पिकं निघाल्यावर एका दुपारी फाट्यावर एस.टी. थांबली आणि एक बाई काठी टेकत आमच्या रस्त्यानं यायला लागली. चाल बदलली होती म्हणून मला ओळखायला वेळ लागला. सोन्याला लागला नाही. तो अंगणातून सुटला तो थेट तिच्यापाशी, आणि तिच्या काठीभोवती असा घुमला की तिला उभं राहणं कठीण झालं. सकूअक्का त्याच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग येऊन ओट्यावर टेकली. मायनं चहा दिला. नाना समोर बसले. 

"नाना," ती म्हणाली, "हाऊ माले परत देशात का?"

नाना गडबडले. "अक्का, हाऊ मेंढरासंगे चालाना नही. कवय पडी, सांगता येस नही."

"मी तरी कोठे चालस? दगा जास मेंढरे लिसन, पोरे जातस. मी गावमा घरमाच बठस. दिनभर कोनसंगे बोलू?" तिनं माझ्याकडे बघितलं. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच. "याले गोया देतस ना? कशा देऊ ते सांग माले."

मी आत जाऊन गोळ्यांची पाकिटं आणली. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, भाकरीत दाबून. एक दिवसही चुकवायची नाही. पडला तर आजूबाजूचं दगड-भांडं दूर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, हात घालायचा नाही, नुसतं जवळ बसायचं. उठल्यावर तो थोडा वेळ ओळखत नाही, घाबरून जायचं नाही. तिनं सगळं पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेतलं, आणि पाकिटं पदराच्या टोकाला बांधली. मी दोरी आणली तर म्हणाली, "दोरी कायले? येस तो."

मी फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. ट्रक जात होते. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात वर केले, एक ट्रक थांबला, मग दुसरा, आणि ती दोघं ओलांडून पलीकडे गेली. मला त्या दोघांना गाडीत बसवून द्यायचं होतं, म्हणून मीही मागोमाग निघाले. सकूअक्कानं काठी उचलून मला थांबवलं. पुढची वाडी पाव कोसावर होती, तिथे तिचा भाचा गाडी घेऊन येणार होता.

"पोरी, तू जाय घर, तुनी माय वाट देखी ऱ्हायनी व्हई. आम्ही जासूत हळूहळू," ती म्हणाली. "घाई कोनले शे?"